संगणकाची ओसरी

जुन्या मराठी घरांत ओसरीला एक विशेष मान असे. आल्यागेल्याचे स्वागत तेथे होई, हिशेबाच्या वह्या तेथे उघडल्या जात, आणि परक्या माणसाला घराचा जो काही परिचय होई तो या ओसरीवरूनच. आतील माजघर, कोठीची खोली, विहिरीचे पाणी यांवर घराचा संसार चाले. परंतु पाहुण्याच्या दृष्टीने ओसरी म्हणजेच घर. संगणकाच्या बाबतीत आज जवळजवळ असेच झाले आहे. यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर जी चिन्हे, ज्या सूची आणि ज्या चौकटी दिसतात, त्यांनाच सामान्य माणूस संगणक समजतो. त्या बदलल्या की यंत्रच बदलले असे त्याला वाटते. या दर्शनी भागाला इंग्रजीत आणि आता मराठीतही ‘डेस्कटॉप’ म्हणतात. बहुतेक यंत्रांवर हा डेस्कटॉप विकणाऱ्याने एकदाच बसवून दिलेला असतो. लिनक्स नावाच्या प्रणालीत मात्र घर आणि ओसरी या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. घराला धक्का न लावता ओसरी बदलता येते, आणि आवडली नाही तर पूर्वीची पुन्हा आणता येते.

ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक, हौशी तंत्रज्ञांच्या करमणुकीची वाटेल. परंतु घर आणि ओसरी यांच्या या ताटातुटीला एक इतिहास आहे; आणि त्या इतिहासाचा एक धागा रायपूरच्या आसमंतात बोलल्या जाणाऱ्या, दीर्घकाळ ‘बोली’ म्हणून बाजूला ठेवलेल्या एका भाषेपर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम ही ओसरी आली कोठून ते पाहिले पाहिजे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊसच्या साहाय्याने पडद्यावर काम करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ नावाचे यंत्र तयार झाले, आणि १९८१ साली त्याच कंपनीने ‘स्टार’ हे यंत्र बाजारात आणले. पडद्याला कचेरीतील मेज मानावे, त्यावर कागद पसरावेत, कागद पुठ्ठ्याच्या घडीत ठेवावेत, नको असलेले टोपलीत टाकावेत, ही कल्पना तेथे रूढ झाली. १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि १९८५ च्या विंडोजने ती जगभर पोहोचविली. ही कल्पना पाश्चात्त्य कचेरीची होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडील जुना कारकून मेजावर बसत नसे; तो बैठकीवर बसे, आणि त्याचे कागद रुमालात बांधलेले असत. ज्या पुण्यात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल जतन केले आहेत, त्या पुण्यातील माणसालाही संगणकापुढे बसताना परक्या कचेरीतील मेज आपले मानावे लागले.

आता लिनक्सकडे वळू. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. ज्या प्रणालीचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा आणि दुसऱ्यास द्यावा, अशी प्रणाली उभारणे हा त्यांचा हेतू होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी प्रणाली हौसेखातर लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून संपूर्ण प्रणाली उभी राहिली. तथापि हा गाभा पडद्यावरची चित्रे काढीत नाही. स्मृतीची वाटणी, चकतीवरील लेखन, निरनिराळ्या कामांना यंत्राचा वेळ देणे, अशी आतल्या घरातली कामे तो करतो. चित्रे काढण्याचे काम एका वेगळ्याच यंत्रणेकडे होते. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यासंस्थेत १९८४ साली ती सुरू झाली. तिचे नाव ‘एक्स’, आणि १९८७ साली आलेली तिची अकरावी आवृत्ती पुढे अनेक दशके टिकली. तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व कटाक्षाने पाळले होते : साधन द्यावे, रीत ठरवू नये. पडद्यावर चौकट कशी काढावी एवढे ‘एक्स’ सांगे. त्या चौकटीला किनार कोणती असावी, ती कशी हलवावी, कशी मिटावी, हे ठरविण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे अशी अपेक्षा होती.

या औदार्याचा परिणाम सुरुवातीला गोंधळातच झाला. प्रत्येक कार्यक्रमाची कळ निराळी, सूची निराळी, अक्षरे निराळी. एकाच पडद्यावर जणू पाच गावची पाच माणसे आपापल्या पेहरावात उभी. जाणत्यांना त्याचे काही वाटत नसे, परंतु घरातील इतर मंडळींनी हे यंत्र वापरावे कसे? हाच प्रश्न जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिक याला पडला. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याने के.डी.ई. या नावाच्या प्रकल्पाची हाक दिली. सामान्य वापरकर्त्याला एकसारखा, सुसंगत, नेटका दर्शनी भाग मिळावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. जगाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे जमली आणि जुलै १९९८ मध्ये के.डी.ई.ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

परंतु या शुभकार्यात एक विघ्न होते. के.डी.ई. ज्या पायावर उभे होते ती ‘क्यूटी’ नावाची सामग्री नॉर्वेतील ट्रोलटेक या कंपनीची होती, आणि तिचा परवाना स्वतंत्र संगणकप्रणालीच्या पुरस्कर्त्यांना पुरेसा मुक्त वाटत नव्हता. ओसरी सर्वांची, पण तिच्या खालचे जोते दुसऱ्याच्या मालकीचे, अशी ही स्थिती. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या तरुणांनी ‘ग्नोम’ हा दुसरा प्रकल्प आरंभिला. त्याची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये आली. पुढे सप्टेंबर २००० मध्ये ‘क्यूटी’ला मुक्त परवाना मिळाला आणि वादाचे मूळ कारण संपले. पण तोवर दोन घराणी उभी राहिली होती, आणि संगीतातल्या घराण्यांप्रमाणे ती कारण संपल्यावरही नांदत राहिली. त्यांच्याबरोबर फ्रान्समधील ऑलिव्हिए फूर्दां याने १९९६ मध्येच सुरू केलेले ‘एक्सएफसीई’ होते. ते हलके, मितभाषी आणि जुन्या यंत्रावरही चालणारे होते. २००६ साली तैवानमधील एका तरुणाच्या प्रयत्नांतून ‘एलएक्सडीई’ हे त्याहूनही हलके भावंड जन्मास आले.

अशा रीतीने लिनक्सच्या वापरकर्त्यापुढे निवडीचा प्रश्न आला. ही निवड प्रत्यक्षात कशी होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या यंत्रावर ग्नोम असताना के.डी.ई. किंवा एक्सएफसीई पाहावे असे वाटले, तर ते भांडारातून मागवून शेजारी बसविता येते. मग प्रवेशाच्या पडद्यावर, नाव आणि गुप्तशब्द द्यावयाच्या जागी, कोणत्या डेस्कटॉपमध्ये जावयाचे ते निवडावयाचे. वापरकर्त्याची पत्रे, छायाचित्रे, हिशेब जेथल्या तेथे राहतात. कारण ते घरात असतात, ओसरीवर नसतात. प्रत्येक डेस्कटॉप आपल्या आवडीनिवडी आपापल्या दडवलेल्या खणांत ठेवतो. गैरसोय अगदीच नसते असे नाही. एकाच कामाची दोन-दोन साधने सूचीत दिसू लागतात, अक्षरांचे आकार कधी बदलतात, हाताला सवय झालेली कळ भलतेच काम करते. तथापि नापसंत झाल्यास परतीची वाट मोकळी असते. प्रयोगाची किंमत इतकी अल्प असणे, ही संगणकाच्या जगात फारशी न आढळणारी गोष्ट होय.

या सर्व घडामोडींत आपल्या भाषा कोठे होत्या? देवनागरी लिपी संगणकावर आणण्याचे प्रयत्न भारतात आधीच सुरू झालेले होते. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच कळफलक असावा या विचारातून १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ची रचना सिद्ध झाली, १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले, १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते पडद्यावर नीट उमटेल असे नाही. ‘चि’ या अक्षरातील वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. ‘क्ष’, ‘त्र’, ‘श्र’ यांची रूपे मूळ वर्णांहून वेगळी होतात. आणि मराठीतील ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र तर हिंदीच्या अभ्यासकालाही अपरिचित. हे सारे ज्या यंत्रणेने सांभाळावयाचे ती डेस्कटॉपच्या पायात बसविलेली असते. ग्नोमच्या दुसऱ्या मालिकेने, म्हणजे २००२ च्या सुमारास, ‘पँगो’ नावाची अशी यंत्रणा स्वीकारली, के.डी.ई.च्या पायातील क्यूटीनेही पुढे भारतीय लिप्या आत्मसात केल्या. म्हणजे त्या काळात दुसरा डेस्कटॉप लावून पाहणे ही केवळ हौस नव्हती. आपली भाषा नीट वाचता येते की नाही, हे कधीकधी त्या निवडीवर ठरत असे.

याच सुमारास ‘इंडलिनक्स’ या नावाने काही मंडळी एकत्र आली आणि लिनक्सचे दर्शनी शब्द हिंदीत व इतर भारतीय भाषांत आणण्याचे काम सुरू झाले. मराठीतही ते झाले. पुण्यातील तंत्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. हिंदीच्या कामात ज्यांचे नाव अग्रभागी येते ते रविशंकर श्रीवास्तव. त्यांचा जन्म रायपूरच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावचा. व्यवसायाने ते अभियंता. मध्य प्रदेशच्या वीज मंडळात त्यांनी नोकरी केली, रतलाम येथे दीर्घकाळ वास्तव्य केले आणि ‘रवि रतलामी’ या नावाने हिंदीत विपुल लेखन केले. ग्नोम, के.डी.ई. आणि एक्सएफसीई या तिन्ही घराण्यांचे हिंदी शब्द घडविण्यात त्यांचा हात होता. पुढे ते आपल्या मायभूमीच्या भाषेकडे, छत्तीसगढीकडे वळले.

छत्तीसगढीचा मागील इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय या वळणाचे मोल कळावयाचे नाही. हा प्रदेश मराठी माणसाला परका नाही. १७५८ ते १७८७ या काळात नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून येथला कारभार पाहिला, आणि त्यांच्या दप्तराबरोबर मराठी भाषा व मोडी लिपी येथे आली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपूरला हलविले, आणि तेव्हापासून रायपूरचे महत्त्व वाढत गेले. या साऱ्या राजवटींत दप्तराची भाषा बदलत राहिली : कधी मराठी, कधी इंग्रजी, पुढे हिंदी. शेतावर, बाजारात आणि घरात मात्र लोक छत्तीसगढीच बोलत होते. धमतरीच्या शाळेतील शिक्षक हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली या भाषेचे व्याकरण लिहिले. त्याचे महत्त्व ओळखून जॉर्ज ग्रिअर्सन यांनी ते १८९० साली इंग्रजीत आणले. १९०० साली पेंड्रा येथून माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. हे सप्रे म्हणजे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेणारे मराठी गृहस्थ. त्यांचे उत्तरायुष्य रायपुरात गेले आणि १९२६ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. पण त्यांच्या मासिकाच्या नावात छत्तीसगढ असले, तरी त्याची भाषा हिंदी होती. छापखान्यात छत्तीसगढीला अजून जागा नव्हती. १९६३ साली रायपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि ज्या भाषेला दप्तरात जागा नव्हती तिला ध्वनिक्षेपकापुढे जागा मिळाली.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी ठरले. २८ नोव्हेंबर २००७ रोजी राज्याच्या विधानसभेने हिंदीबरोबर छत्तीसगढीलाही राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. तथापि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झालेला नाही, आणि २०११ च्या जनगणनेत जी सुमारे १ कोटी ६२ लक्ष माणसे छत्तीसगढी बोलणारी म्हणून नोंदली गेली, त्यांची गणना हिंदीच्याच पोटात झाली. ज्या भाषेची स्वतंत्र मोजदाद होत नाही, तिच्यासाठी एखादी व्यापारी कंपनी आपल्या प्रणालीचा दर्शनी भाग कशाला अनुवादित करील? कंपनी बाजार पाहते, शासनाची यादी पाहते. यात तिचा दोष आहे असेही नाही. व्यापाराची ती रीतच आहे.

लिनक्सच्या डेस्कटॉपची रीत निराळी. तेथे पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य मूळ यंत्रणेपासून वेगळे काढून साध्या मजकुराच्या वह्यांत ठेवलेले असते. वर इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. त्या जागेत ज्याला जी भाषा लिहावयाची असेल ती त्याने लिहावी. भाषेला एक सांकेतिक नाव असले म्हणजे पुरे. आंतरराष्ट्रीय सूचीत छत्तीसगढीला ‘एच-एन-ई’ ही तीन अक्षरे आधीच मिळालेली होती. अर्ज, मंजुरी, बाजारपेठेचा अहवाल, यांपैकी कशाचीही आवश्यकता नव्हती. श्रीवास्तव यांनी के.डी.ई.च्या चौथ्या मालिकेचे शब्द छत्तीसगढीत आणले, आणि संगणकाचा दर्शनी भाग छत्तीसगढी बोलू लागला. या कामाला २००९ साली दक्षिण आशियाचा मंथन पुरस्कार मिळाला.

हे काम केवळ शब्दाला शब्द ठेवण्याचे नव्हते. हिंदीत एकाहून अधिक कागद सांगावयाचे तर शब्दाचे रूप बदलते. छत्तीसगढीत ‘मन’ हा प्रत्यय लागतो, ‘लइका’ म्हणजे मूल आणि ‘लइकामन’ म्हणजे मुले. संगणकाच्या अनुवादवहीच्या आरंभीच, या भाषेत अनेकवचनाची रूपे किती आणि ती केव्हा योजावयाची, हे नियमाच्या स्वरूपात लिहून द्यावे लागते. हिरालाल काव्योपाध्यायांनी जे व्याकरण विद्यार्थ्यासाठी लिहिले, त्याचाच एक लहानसा अंश आता यंत्रासाठी लिहावा लागला. दुसरा प्रश्न शब्दांच्या निवडीचा. ‘फाइल’ला संस्कृत प्रतिशब्द योजावा, की लोकांच्या तोंडी रुळलेला ‘फाइल’ हाच शब्द ठेवावा? यंत्राने वापरकर्त्याला ‘तैं’ म्हणावे, ‘तुमन’ म्हणावे की ‘आप’? मराठीतही ‘उघड’, ‘उघडा’ आणि ‘उघडावे’ या तीन रूपांत हाच तिढा पडलेला आहे. ज्या भाषेत शासकीय परिभाषा पूर्वी घडलेलीच नाही, तेथे अनुवादकाला एकट्याने ते निर्णय घ्यावे लागतात, आणि त्याचा प्रत्येक निर्णय ही त्या भाषेच्या औपचारिक गद्याची पहिली वीट ठरू शकते.

येथवरची कथा यशाची झाली. परंतु तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डेस्कटॉपच्या जगात स्थैर्य कमी. जानेवारी २००८ मध्ये के.डी.ई.ने आपला दर्शनी भाग पायापासून बदलला, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांत मोठी नाराजी पसरली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या मालिकेने परिचित सूची आणि पट्ट्या काढून टाकल्या, तेव्हाही तेच झाले. स्वतः लिनस टोरवाल्ड्स यांनी के.डी.ई. सोडून ग्नोम धरले, आणि ग्नोम बदलताच एक्सएफसीईकडे धाव घेतली. घराचा पाया घालणाराही ओसरीच्या बाबतीत इतरांसारखाच भाडेकरू, हे यावरून दिसते. ज्यांना जुने ग्नोमच हवे होते त्यांनी त्याच वर्षी ‘माटे’ काढले. आणखी काहींनी ‘सिनॅमन’ची रचना केली. उबुंटूने २०१० साली ‘युनिटी’ नावाचा स्वतःचा डेस्कटॉप आणला आणि २०१७ साली तो सोडून पुन्हा ग्नोम स्वीकारले.

ज्या भाषांमागे मोठे अनुवादकमंडळ आहे, पगारी माणसे आहेत, त्या भाषा या प्रत्येक क्रांतीतून तरून जातात. लहान मंडळाच्या भाषेचे तसे नाही. दर्शनी भाग बदलला की जुनी वाक्ये निरुपयोगी होतात, नवी शेकडो वाक्ये रिकामी पडतात. ती वेळेत भरली नाहीत, तर पडदा अर्धा इंग्रजी, अर्धा देशी दिसू लागतो. आणि असा खिचडी पडदा पाहून ज्याच्यासाठी अनुवाद केला तोच वापरकर्ता इंग्रजीकडे वळतो. १८८५ सालचे व्याकरण आजही ग्रंथालयात उघडून वाचता येते. पंचवीस वर्षे कोणी हात लावला नाही म्हणून त्याची अक्षरे पुसली जात नाहीत. संगणकाचा अनुवाद मात्र शेतासारखा आहे. दरवर्षी नांगरला नाही तर त्यात तण माजते. एखाद्या व्यक्तीची निष्ठा त्याला जन्म देऊ शकते, पण त्याचे पोषण संस्थेनेच करावे लागते.

कारभाराच्या दृष्टीने पाहणारा येथे एक रास्त शंका काढील. कचेरीत शंभर यंत्रे असतील आणि प्रत्येकावर निराळी ओसरी असेल, तर कारकुनाला शिकवावयाचे काय? बदलीवर आलेल्या माणसाने काम कसे करावे? बिघाड झाल्यास दुरुस्त करणाऱ्याने कोणते पुस्तक उघडावे? शंका खरी आहे, आणि तिचे उत्तरही सरळ आहे. कचेरीने एक ओसरी निश्चित करावी व सर्वत्र तीच ठेवावी. लिनक्स त्यास आडकाठी करीत नाही. प्रश्न इतकाच की ती निवड कचेरीने करावयाची, की विक्रेत्याने करून द्यावयाची. भारत शासनाने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय भाषांसह चालणारी लिनक्स प्रणाली प्रसिद्ध झाली, आणि २०१५ साली केंद्र शासनाने मुक्त संगणकप्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले.

याला एक आर्थिक बाजूही आहे. विंडोजच्या ‘एक्सपी’ या आवृत्तीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दर वेळी असंख्य यंत्रे सुस्थितीत असूनही जुनी ठरली, कारण पुढची आवृत्ती पेलण्याजोगी सामग्री त्यांच्यात नव्हती. अशा यंत्रावर लिनक्स घालून त्यापुढे भारदस्त डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप ठेवला, तर एखाद्या गावच्या शाळेत ते आणखी काही वर्षे काम देऊ शकते. तेथील मुलाला पडद्यावरचे शब्द आपल्या घरच्या भाषेत दिसले, तर त्याचा संकोच किती कमी होईल, हे ज्यांनी खेड्यातील शाळा पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

या प्रदेशाच्या इतिहासातच या विषयाला प्रकाश देणारी एक तुलना सापडते. बिंबाजी भोसल्यांच्या दप्तरात ज्या मोडी लिपीचा वापर होता, तिला जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. आज मोडीच्या प्रत्येक अक्षराला जगातील सर्व संगणकांना मान्य असा क्रमांक आहे. पण मोडी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. छत्तीसगढीची गोष्ट नेमकी उलट. ती देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे तिच्या अक्षरांचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. तिला बोलणारी माणसे दीड कोटीहून अधिक आहेत. तिच्यासाठी डेस्कटॉपचे दार एका माणसाने एकदा उघडूनही दाखविले आहे. उणीव आहे ती त्या दारातून वर्षानुवर्षे ये-जा ठेवणाऱ्यांची.

आणि ही उणीव केवळ छत्तीसगढीची म्हणून दूरची मानता येणार नाही. मराठीला राजभाषेचे सिंहासन आहे, विद्यापीठे आहेत, परिभाषाकोश आहेत, तरीही आपल्या संगणकाचा पडदा मराठीत करून पाहिलेली मराठी माणसे किती, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. जी सोय कोणी वापरीत नाही ती राखण्यास माणूस मिळत नाही, आणि जी राखली जात नाही ती वापरावीशी वाटत नाही. हे चक्र अनुवादकाला एकट्याला उलटे फिरविता येत नाही. लिनक्सच्या डेस्कटॉपवर पडद्याची भाषा बदलण्यास काही क्षण पुरतात, आणि खटकणारा शब्द दिसल्यास तो सुधारून पाठविण्याची मुभाही प्रत्येकाला आहे. राजनांदगावच्या एका अभियंत्याने ही मुभा घेतली, तेव्हा रायपूरच्या भाषेला संगणकात प्रथम ठिकाण मिळाले. ते ठिकाण राखणे हे आता ती भाषा बोलणाऱ्यांचे, शिकविणाऱ्यांचे आणि तिच्या नावाने कारभार करणाऱ्यांचे काम आहे.